बाईंचं एकमेव शुद्धिपत्र

बाई म्हणायच्या, "पंखा बंद करा," आणि मी घाम पुसून पानं हातात घ्यायचे.

ऐन उन्हाळा, शहागंजातली मासिकाची वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर पत्रे, आणि खाली जनावरांची दावी, कासरे, म्होरक्या विकणाऱ्या चाचांचं दुकान. पंखा थांबला की काथ्याचा वास जिना चढून वर यायचा. बाई खुर्ची भिंतीला टेकवायच्या, चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. मग छपाईला जाणाऱ्या पानांतले सगळे आकडे मोठ्यानं वाचायचे. बाकी मजकूर नाही, फक्त आकडे. एकानं वाचायचे, दुसऱ्यानं मूळ कागद बघून तेच परत म्हणायचे. कुणी अडखळलं, कुणी खोकलं, खालून रिक्षाचा हॉर्न आला, की बाई डोळे न उघडता म्हणायच्या, "पहिल्यापासून." याला कार्यालयात उजळणी म्हणत. मला मात्र कोर्टात जबानी द्यायला उभं केल्यासारखं वाटायचं. घामाचा थेंब पानावर पडू नये म्हणून मी मान मागं ओढून वाचायचे, आणि घरी आल्यावर मानेला आई बाम चोळायची.

खरं तर मी तिथं असायलाच नको होते. मी परदेशात पत्रकारिता शिकत होते आणि शेवटच्या सत्रात कुठल्यातरी नियतकालिकात इंटर्नशिप करणं सक्तीचं होतं. तिथल्या मासिकांकडून इतके नकार आले की नंतर नंतर मी ई-मेल उघडण्याआधीच ओळखायला लागले. शेवटी विद्यापीठ म्हणालं, तुझ्या देशात कर, चालेल. माझ्या डोळ्यांपुढं गुळगुळीत पानांची, मुखपृष्ठावर नटी असलेली मासिकं होती. बाबांनी परस्पर बाईंना फोन लावला. बाबा नोकरीला चितेगावच्या कंपनीत, पण मन अजून कन्नडकडच्या शेतात; आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे बाईंचा अंक यायचा.

"शेतीचं मासिक?" मी तोंड वाकडं केलं.

"शेतीचं नाही, बाईंचं," बाबा म्हणाले. त्यांनी ते ज्या आवाजात सांगितलं त्यातच मला सावध व्हायला हवं होतं.

बाईंना नाव होतं. ते अंकावर दर महिन्याला छापलं जायचं, पण तोंडानं घ्यायची कुणाची छाती नव्हती. कृषी महाविद्यालयातून शिकलेल्या, साठी ओलांडलेल्या, अंगानं काटकी. सुती साडी आणि पायात पोरांचे खेळायचे बूट. गळ्यात दोन चष्मे, एक वाचायचा आणि एक माणसं बघायचा. दुसरा लावला की समोरच्यानं आपण आज काय काय चुकलो ते मनात आठवायला घ्यायचं. खालचे चाचा मला जिन्याशीच हवामान सांगायचे. "बेटा, बाई का मिजाज गरम है आज. आस्ते से जाव." मी चपला हातात घेऊन जिना चढायचे. ही अतिशयोक्ती नाही, खरंच हातात घ्यायचे.

पहिल्या दिवशी मी एक मजकूर लिहून दिला. बाईंनी त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"एक. एक लिटर."

"एक का नऊ?"

"एक, बाई."

"तुला दिसायलंय एक. शाईचा ठिपका पडला, कागद मुडपला, मंग? तिकडं कुणीतरी म्हातारं कंदिलाच्या उजेडात बसलंय का एलईडीच्या, तुला ठाव हाय? तू त्याच्या घरी जाऊन सांगणार हाईस का, बाबा रे हा एक हाय, नऊ नाय?"

तेव्हापासून मला कळलं की या मासिकात आकडे आकड्यांत लिहीत नाहीत. सगळं अक्षरात. अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. पन्नास, पाऊणशे, सव्वाशे. अक्षराला शेपूट फुटत नाही, असं बाईंचं म्हणणं होतं, आणि त्यावर त्यांचा इतका भरवसा होता की अंकाच्या पानांचे क्रमांकसुद्धा अक्षरात असायचे. परदेशात आम्हाला एक प्राध्यापक नेमकं उलटं शिकवायचे. मी ते बाईंना सांगायला गेले नाही.

छपाईच्या चुकीला बाई चूक म्हणत नसत. मयत म्हणत. "काय, किती मयती झाल्या त्या पानात?" असं विचारत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. पण बाई स्वतः कधी हसून म्हणायच्या नाहीत. त्यांच्या लेखी तो विनोद नव्हताच. आपल्या अंकातलं वाचून कुणीतरी कुठंतरी औषध मोजत असणार, बादलीत ओतत असणार, जनावराच्या तोंडात नळी घालत असणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नसे. आणि एकदा ते तुमच्या मनात शिरलं की तुमच्याही डोळ्यांपुढून हलत नाही. मी रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांवरचे आकडे तपासायला लागले.

एकदा मी खोलीत शिरले तर बाई बशीतलं काहीतरी करडं बोटानं चाटत होत्या. जनावरांच्या खुराकात घालायचं क्षारमिश्रण. एका लेखात त्याची कृती यायची होती.

"घे," त्यांनी बशी पुढं केली.

"मी?"

"लोकांच्या गाईला खाऊ घालायलीस ना? मंग तू बघ आधी."

मी चाटलं. पोटभर मीठ खाल्ल्यासारखी तहान दिवसभर गेली नाही. भीती मात्र चवीची नव्हती, बाई माझ्याकडं माणसं बघायच्या चष्म्यातून बघत होत्या त्याची होती.

अंक टपालात पडला की कार्यालयात सुतकासारखं वातावरण असायचं. बाई त्या दिवसांत गोड खात नसत. फोन वाजला की दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत. स्वतः उठायच्या, पदर सारखा करायच्या, आणि उभ्यानंच "बोला" म्हणायच्या. पलीकडून कुणी अंक मिळाला नाही असं सांगितलं, कुणी लेख आवडला म्हणालं, की हळूच खुर्चीत बसायच्या. बाई अशा का झाल्या, याच्या दोन गोष्टी कार्यालयात सांगितल्या जायच्या. एका गोष्टीत त्यांच्या लहानपणी घरातलं कुणी चुकीच्या औषधानं गेलं होतं. दुसरीत काहीच घडलं नव्हतं, बाई जन्मतःच तशा होत्या. मला दुसरी जास्त खरी वाटायची, आणि जास्त भीतीदायकही.

माझ्या विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाई दर आठवड्याला स्क्रीनवर यायच्या. त्यांना आमच्या शहराचं नाव उच्चारता यायचं नाही, म्हणून त्या नुसतं 'तुझं गाव' म्हणायच्या. एकदा त्यांनी विचारलं, तिथं नेमकं काय शिकतेयस? मी म्हणाले, घाबरायला. त्यांना वाटलं, कार्यालयात माझा छळ चाललाय. त्यांनी लगेच गंभीर होऊन तक्रार कुठं करायची ते समजावून सांगितलं.

बाईंच्या संपादकपदाच्या सगळ्या काळात त्या मासिकात शुद्धिपत्र कधी आलं नव्हतं. हे त्या कुणाला सांगत नसत, पण सगळ्यांना माहीत होतं, आणि आपल्या हातून ते पहिलं येऊ नये म्हणून सगळे जीव मुठीत धरून काम करायचे. शेवटी एक आलंच, आणि ते मी लिहिलेलं आहे. 'मागील अंकाच्या काही प्रतींमध्ये युरियाचे प्रमाण एकशे पंच्याहत्तर ग्रॅम असे छापले गेले आहे. ते पंच्याहत्तर ग्रॅम असे वाचावे. संपादक दिलगीर आहेत.' ते छापून आल्यावर वाचकांचे इतके फोन आले की बाईंचे पाय दुखले. प्रत्येकजण सांगत होता, "बाई, आमच्या अंकात तर बरोबर हाय की, पाऊणशे." बाई प्रत्येकाला म्हणत होत्या, "मंग जपून ठेवा." ते का छापावं लागलं, हे मी मार्गदर्शक बाईंना सांगितलं नाही. त्यांच्या अभ्यासक्रमात ते कुठं बसलं असतं कोण जाणे.

हे सगळं जिथून सुरू झालं, त्या सकाळी फोन वाजला तेव्हा मी बाईंच्या अगदी शेजारी उभी होते. पलीकडचा आवाज इतका मोठा होता की मला शब्दन्‌ शब्द ऐकू आला. कन्नडच्या पुढं घाटाकडच्या एका वस्तीवरून एक म्हातारे गृहस्थ बोलत होते. आबा म्हणू त्यांना. जुने वर्गणीदार.

"बाई, दोन्ही गाई पडल्यात. फेस यायलाय तोंडातून. तुमच्या अंकात सांगितल्यापरमानं गव्हाच्या काडावर युरिया-गुळाचं पाणी मारलं व्हतं."

बाईंचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला, पण आवाज हलला नाही. "आबा, डॉक्टरला बोलवा. तोवर थंड पाणी पाजा, भरपूर. अन्‌ सिरका पाजा, पाण्यातून."

"सिरका कुठनं आणू आता?"

"फाट्यावर चायनीजची गाडी लागत असंल की! त्याच्याकडं बाटल्या असत्यात. पळवा कुणाला तरी. पळवा!"

फोन ठेवून बाईंनी अंक काढला, पिशवी खांद्याला लावली आणि मला म्हणाल्या, "चल." कुठं, हे विचारायची हिंमत मला झाली नाही.

एसटीत बाईंनी अंक मांडीवर उघडा धरला होता. त्या ओळीवर बोट. "वाच," त्या म्हणाल्या. मी वाचलं, "पाऊणशे ग्रॅम." वेरूळ गेलं. "वाच." "पाऊणशे." छपाई स्वच्छ होती, एक मात्रा इकडची तिकडं नव्हती. मला वाटलं, सुटलो, आपली चूक नाही. मी तसं म्हणालेही. बाईंनी माझ्याकडं पाहिलंच नाही. कंडक्टर सुटे मागत होता आणि बाईंना ते ऐकू येत नव्हतं. मग मलाही धीर धरवेना. समजा गाईंचं दूध कुणी प्यायलं असेल, समजा त्या घरात लहान मूल असेल. एकदा सुरू झाल्यावर ते थांबेना. कन्नडच्या स्टँडवरून पुढं जीपनं गेलो.

अंगणात माणसं जमली होती. एक गाय गेली होती. तिच्यावर जुनी ताडपत्री टाकली होती आणि त्यातून नुसते खूर दिसत होते. दुसरी गोठ्याच्या दारात उभी होती, मान खाली, पाय थरथरताहेत, पण उभी. पायाशी सिरक्याच्या दोन रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले होते. ही वाचेल म्हणाले होते, आणि युरिया जास्त पडला असंही.

आबा बाजेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, दोन्ही. "या बाई," ते शांतपणे म्हणाले, "तुमच्यामुळं एक तरी ऱ्हायली."

त्या शांतपणानं मला जास्त धास्ती वाटली.

"अंकात चुकत नसतंय," आबा जमलेल्या माणसांना सांगत होते. "इतकी वर्सं घेतोय, कवा चुकलं नाय. हिचंच ध्यान नव्हतं."

ही म्हणजे सून. माझ्याच वयाची, शहरात इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न होऊन वर्षही झालं नसेल. नवरा कंपनीत पाळीवर होता, अजून पोहोचला नव्हता. आबांना दिसत नाही म्हणून अंक तीच वाचून दाखवायची, आणि पाणीही तिनंच कालवलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिच्या आसपास कुणी जात नव्हतं. सासू मात्र थांबत नव्हती. "इंग्रजी शाळंतली पाहिजे व्हती ना सून? घ्या आता. दुभती गाय मारली. तिच्या बापाला सांगितलंय, या अन्‌ घिऊन जा म्हणावं तुमची लेक. निघालाय तो."

बाई सरळ त्या मुलीजवळ गेल्या, तिला हाताला धरून गोठ्याच्या मागच्या बाजूला घेऊन गेल्या. मी मागोमाग.

"किती घेतला व्हता?" बाईंनी विचारलं. आवाज इतका हळू मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"लिहिला होता तेवढाच." तिचे ओठ कोरडे पडले होते. "काट्यावर मोजून घेतला. एकशे पंच्याहत्तर."

"एकशे पंच्याहत्तर का?"

ती आमच्याकडं बघत राहिली. वर्गात उत्तर बरोबर देऊनही बाकावर उभं केलेल्या मुलीसारखी. "सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस ना? दीडशे म्हणजे एकशे पन्नास. मग पाऊणशे…" ती थांबली. "एकशे पंच्याहत्तरच ना?"

मी तिच्याकडं बघायचं टाळलं. कारण मीही तोच हिशेब केला असता. मीही इंग्रजी शाळेतलीच. मला पाऊणशे ठाऊक होतं ते केवळ उजळणीत मूळ कागदावर पंच्याहत्तरचा आकडा बघून ते दहादा म्हणावं लागायचं म्हणून. हिला कुणी पंखा बंद करून बसवलं नव्हतं.

बाई गोठ्याच्या कुडाला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांना काय वाटत होतं ते मी सांगू शकत नाही, पण त्या क्षणी मला त्यांची भीती वाटली नाही, त्यांच्यासाठी वाटली. आयुष्यभर ज्या अक्षरांच्या मागं त्या लपून बसल्या होत्या, ती अक्षरंच या मुलीला वाचता आली नव्हती. आणि तिचं गणित कुठंच चुकलेलं नव्हतं.

"पंच्याहत्तर," बाई शेवटी म्हणाल्या. "पाऊणशे म्हंजे पंच्याहत्तर, बाळा."

ती मुलगी तोंडावर हात दाबून रडायला लागली, आवाज न करता. रस्त्यावर कुठंतरी मोटारसायकलचा आवाज आला तशी ती दचकली. तिला वाटलं, वडील आले.

बाई वळल्या आणि अंगणात येऊन आबांच्या बाजेसमोर उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"आबा, चूक आमची हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंकात एकशे पंच्याहत्तर छापून आलंय. पाहिजे व्हतं पंच्याहत्तर. पोरीनं जे छापलंय तेच वाचलं. तिचं काय चुकलं नाय."

अंगणातली कुजबुज थांबली. आयुष्यात ज्या एका गोष्टीची बाईंना भीती होती, ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत, खोटीच कबूल केली होती.

आबांना ते पटेना. "असं कसं हुईल?" ते म्हणाले. त्यांनी बाजेवर पडलेला अंक उचलला, डोळ्यांशी नेला, लांब धरला, आणि मग माझ्या दिशेनं पुढं केला. "तू वाच बरं, पोरी. तू शिकल्याली दिसतीस. काय लिव्हलंय त्यात?"

मी अंक घेतला. पानं उलटली. ती ओळ लगेच सापडली. एसटीत इतक्या वेळा वाचली होती. पाऊणशे. ठळक, स्वच्छ, बिनचूक. माझ्या खांद्यामागून कुणीतरी डोकावतंय असं जाणवलं. शेजारच्या वस्तीवरचा एक माणूस वाकून बघायला पुढं सरकला होता. मी अंक डोळ्यांच्या अगदी जवळ ओढला, जणू मला उजेड पुरत नव्हता. समोर बाई उभ्या होत्या. गोठ्याच्या कोपऱ्यावरून ती मुलगी बघत होती, आणि कागदावर काय आहे ते तिलाही माहीत होतं.

परदेशात आम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं होतं की छापलेलं आहे तसं सांगायचं, एक शब्द बदलायचा नाही.

मी पूर्ण वाक्य वाचलं, मध्येच थांबले असते तर संशय आला असता. "दूध देणाऱ्या एका जनावराच्या दिवसाच्या काडासाठी युरिया… एकशे पंच्याहत्तर ग्रॅम."

मागचा माणूस पुन्हा मागं सरकला. बाईंनी पुढं होऊन माझ्या हातातून अंक घेतला. "ही प्रत मला पाहिजे, छापखान्यात दाखवाया," असं म्हणत त्यांनी तो पिशवीत कोंबला.

आबा बाजेवरून उठले. मग त्यांनी हात जोडले, रागानं नाही. "बाई, तुमच्या भरवशावर चाललं व्हतं आमचं. आता अंक नका पाठवू."

"व्हय," बाई म्हणाल्या.

सासूला मात्र एवढ्यावर भागवता येईना. ती उठून बाईंच्या पुढ्यात आली. "लोकाच्या गोठ्यात मरण धाडता व्हय? हात झडला तुमचा! तुमच्यापायी मी सकाळधरनं माझ्या लेकराला काय काय बोलले!"

"व्हय," बाई म्हणाल्या. त्यांचेही हात जोडलेले होते. मला वाटलं, आता या कोसळतील. मी त्यांच्या अंगाशी सरकून उभी राहिले. पण त्या सासूच्या तोंडाकडंच बघत होत्या, काहीतरी ऐकायचं अजून बाकी आहे अशा.

सासूनं पदरानं डोळे पुसले आणि गोठ्याकडं वळून हाक दिली, "ये गं, इकडं ये. सकाळधरनं पाण्याचा घोट नाय तुझ्या पोटात. अन्‌ तुझ्या बापाला फोन लाव आधी. म्हणावं, माघारी फिरा."

बाईंनी जोडलेले हात सोडले, आणि गोठ्याच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसल्या.